कावळा शिवला

मंडईत आज अळूला सोन्याचा भाव.
काल गणपती बसले, आज ऋषिपंचमी.
माठ, पडवळ, कणसं, लाल भोपळा,
आघाड्याच्या काड्या दहा रुपयांना एवढ्याशा.
"बैलाच्या कष्टाचं काही नाही हं ताई,
परसातलं आहे."
परस उरुळीचं, टेम्पोतनं आलेलं.

सकाळीच खांबेटे गुरुजींचा फोन:
"ते बंद होऊन वर्ष झालं ना?
मग उद्यापन उरकून टाका यंदा.
आठ सुपाऱ्या आणा, सात ऋषी, आठवी अरुंधती.
कळत-नकळत जी शिवाशिव झाली असेल
तिचा दोष जातो."

एकतीस वर्षं मी बँकेत कॅशला बसले.
बेरीज जुळल्याशिवाय सही करत नाही.
तेराव्या वर्षापासून बावन्नाव्यापर्यंत,
महिन्याचे चार दिवस,
वजा ऋजुताच्या वेळचे,
वजा जो राहिला नाही त्याचे तीन महिने:
अठराशे दिवस.
त्यातले नकळत किती?
गुरुजी, एकही नाही.
पिण्याचं पाणी, लोणच्याची बरणी,
देवस्थानच्या ट्रस्टचा सोमवारचा भरणा,
हळदकुंकू लागलेल्या नोटा थुंकी लावून मोजल्या.
ट्रस्टनं कधी विचारलं नाही.

कहाणी मला पाठ आहे.
बाईनं विटाळात भांड्यांना हात लावला,
पुढच्या जन्मी कुत्री झाली, आणि तिच्या संगतीनं
नवरा बैल.
पुढचं सगळेजण घाईनं वाचतात.
मुलाच्या घरी श्राद्ध होतं. खिरीत सापानं गरळ टाकली.
ते फक्त कुत्रीनं पाहिलं,
आणि जेवणारे मरू नयेत म्हणून
तिनं पातेल्यात तोंड घातलं.
सुनेनं जळकं लाकूड पाठीत हाणलं.
म्हणजे दुसऱ्या जन्मीही
तिनं तेच केलं.

मामंजींच्या दहाव्याला पहाटे चारला मला कळलं.
जाऊबाईंची गाडी मनमाडला अडकलेली.
सासूबाई नुकतं कुंकू पुसून भिंतीकडे तोंड करून निजलेल्या.
मी कोणाला काही बोलले नाही.
पिंडाचा भात शिजवला, डब्यात भरला.

ओंकारेश्वराच्या घाटावर माणसं
दुपारपर्यंत ताटकळतात.
पानापुढे हात जोडून वचनं देतात,
सायकल विकणार नाही, ताईला अंतर देणार नाही,
शेवटी दर्भाचा कावळा करून उरकतात.
आमचं पान ठेवतोय न ठेवतोय
तोच शिवला.
दीर हमसून रडले, बाबा तृप्त गेले म्हणाले.
मी रिक्षापाशी उभी, ओटीपोटात कळा,
एकाच सकाळी
दोन कावळे शिवलेली बाई.

त्याला एकोणीस वर्षं झाली.

आता सासूबाई चौऱ्याऐंशीच्या.
समोर परात घेऊन देठ सोलतात,
अळूनं बोटं काळी.
गुरुजींचा निरोप मी सांगितला.
अठराशेचं नाही सांगितलं.
बराच वेळ त्या गप्प.
खाली मंडळाचा पोरगा माइकमध्ये फुंकर मारतोय,
हॅलो, हॅलो, चेक.

मग परातीकडेच बघत म्हणाल्या,
"यांच्या दहाव्याला न्हाणीघरात
तुझं पातळ भिजत पडलं होतं.
तुम्ही घाटावर गेल्यावर पिळून वाळत टाकलं मी,
गॅलरीत नाही, आत, दोरीवर.
पाहुणे येणार होते."

माझ्या हातातला देठ तसाच.

"कावळा तर शिवला ना," म्हणाल्या.
कोणता, ते मी विचारलं नाही.
"आणि चिंच जरा सढळ घाल,
गेल्या वर्षी घसा खवखवला."

भाजी शिजतेय.
ओट्यावर सुपाऱ्यांची पुडी उघडून ठेवली आहे.
आठही सारख्याच दिसतात.
त्यातली अरुंधती कोणती
ओळखू येत नाही.